हलकं नाणं

थोरल्याची नवी भट्टी रविवारी सकाळी पहिल्यांदा पेटणार होती, आणि सोमवारी अकरा वाजता धाकटीच्या नाण्याची सुनावणी होती. दोन्ही दिवस असे पाठोपाठ आलेले पाहून आत्या म्हणाली, "बरं झालं. आधी भावाची आग बघू, मग बहिणीची परीक्षा." सगळे हसले. अप्पा सोडून.

अप्पा गेले नऊ दिवस हसलेच नव्हते. नऊ दिवसांपूर्वी त्यांना टाकसाळीचं पत्र आलं होतं. एकच्या नाण्यातलं तांबं आणि निकेल काढून त्याजागी पोलाद वापरायचं, वजन सहा ग्रॅमवरून साडेतीनवर आणायचं, असा प्रस्ताव होता. निवृत्त मुख्य पारखी या नात्याने आपण समितीपुढे मत मांडावं, ही विनंती होती. खाली प्रस्ताव तयार करणाऱ्या अधिकाऱ्याची सही होती, आणि ती सही त्यांच्या स्वतःच्या मुलीची होती.

"येणार," पत्राची घडी घालत ते धाकटीला म्हणाले होते. "येणार आणि विरुद्ध बोलणार."

या घराला त्या सहा ग्रॅमचा अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता. परक्यांचं राज्य गेलं तेव्हा देशाला स्वतःचा झेंडा मिळाला, गाणं मिळालं, पण बाजारात नाणं मात्र परक्यांचंच चालत होतं. आपल्या पहिल्या नाण्याचा ठसा अप्पांच्या वडिलांनी कोरला. डोळ्याला भिंग लावून एकशे चार दिवस ते त्या ठशावर वाकून बसले होते, आणि नंतर त्यांची मान कधी पुरती सरळ झाली नाही. पुढे चौतीस वर्षं अप्पांनी त्या नाण्याचं वजन राखलं. टाकसाळीत त्यांना मागून 'सहा ग्रॅम' म्हणत. युद्धाच्या वर्षी खजिना आटला तेव्हा वरून तोंडी निरोप आला होता, गुपचूप पाचवर आणा, लोकांना काय कळतंय? अप्पांनी त्या खेपेच्या दाखल्यावर स्वच्छ अक्षरात 'वजन कमी, नापास' असं लिहिलं. अख्खी खेप परत वितळवावी लागली आणि अप्पांची बढती अकरा वर्षं अडकून पडली. ही हकीकत ऐकतच दोन्ही मुलं मोठी झाली होती. आणि आता त्यातलीच एक ते नाणं अडीच ग्रॅमने खाली आणायला निघाली होती.

थोरल्याचा कारखाना गल्लीच्या टोकाला होता. पत्र्याच्या तीन शेड, दारात वाळूचे ढीग आणि आत नळांच्या साच्यांची रांग. गेल्या दोन वर्षांत त्याच्या पांढऱ्या नळांनी नाव काढलं होतं. गंज नाही, डाग नाही, वीस वर्षांची हमी. त्याची बायको, धाकटीची वहिनी, स्वतः एकेक नळ पुसून खोक्यात भरायची. आज तिने टेबलावर कापड घालून सगळ्यांच्या जेवणाची मांडामांड केली होती. आत्या पहाटेची पाळी संपवून कंडक्टरच्या गणवेशातच आली होती. तिच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष.

"तेराशे डिग्री!" थोरला नुकत्याच पेटवलेल्या भट्टीभोवती नाचत होता. "जुनीची नुसती दमछाक व्हायची. ही बघा, चाळीस मिनिटांत तेराशे!"

"उद्याचं बोला की काहीतरी," वहिनी म्हणाली. "दोघं समोरासमोर उभे राहणार, आणि आपण इथे भट्टीचं कौतुक करतोय."

"उद्याचं काय बोलायचं? अप्पांचंच बरोबर आहे." थोरल्याने हात झटकले. "सहा ग्रॅम म्हणजे सहा ग्रॅम. पोलादाचं नाणं म्हणजे काय, बाटलीचं बूच! आजोबांनी मान मोडून कोरलं ते का हिने बुचं वाटावीत म्हणून?"

अप्पांच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांनी हसू उमटलं. धाकटीला ते लागलं. लहानपणी गणितात पैकीच्या पैकी मिळवूनही अप्पांनी आधी थोरल्याचा पतंग बघितला होता, तेव्हा लागलं होतं तसंच.

"तू कधीपासून नाण्यांची काळजी करायला लागलास?" तिने विचारलं. "अप्पांनी टाकसाळ दाखवायला नेलं होतं तेव्हा तू फाटकातल्या वजनकाट्यावर झोपून गेला होतास."

"माणूस सुधारतो."

"मला विचाराल तर," आत्या मध्येच बोलली, "नाणं जड असू दे नाहीतर हलकं असू दे, हातात तर येऊ दे! दोन वर्षं झाली, सकाळी डेपोतून सुट्ट्यासाठी चिल्लर मिळत नाही. दुकानदार गोळ्या देतो, पानवाला काड्यापेटी देतो. मी काय देऊ? तिकिटाच्या पाठीवर लिहून देते, 'एक देणे.' लोकांना वाटतं मीच खाल्ला. मागच्या महिन्यात एका बाईने भर बसमध्ये मला चोर म्हटलं. एकोणतीस वर्षं नोकरी केली मी. त्या दिवशी उतरल्यावर मला माझा बिल्ला लावायची लाज वाटली."

अप्पांनी बहिणीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ही गोष्ट तिने आजवर घरात सांगितलीच नव्हती.

मग ते उठून भट्टीजवळ गेले. जुन्या सवयीने त्यांनी भिंत, तोंड, धातू वितळवायची मूस ठेवायची जागा, सगळं निरखलं.

"पितळाला हजार-अकराशे पुरे होतात," ते म्हणाले. "तेराशेची भट्टी कशाला आणलीस?"

"असू दे की अप्पा, जरा जास्तीची."

"जास्तीचं इंधन कुणी हौसेने जाळत नाही." त्यांनी खोक्यातला एक नळ उचलला. तळहातावर तोलला. बाकावरची कानस घेऊन टोकाला दोनदा घासली आणि खालचा धातू उन्हात धरला. धाकटीने त्यांना असं करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या वेळी ते घरातले अप्पा राहत नसत, टाकसाळीतले पारखी होत.

"हे नुसतं पितळ नव्हे," ते म्हणाले. "यात निकेल आहे. भरपूर आहे. निकेल कुठून आणलंस?"

"बाजारातून."

"निकेल परवान्याशिवाय मिळत नाही. परवाना तुझ्याकडे नाही. मग उरतं काय?" त्यांचा आवाज वर चढला नाही, उलट अगदी खाली आला. "देशात निकेल आणखी एकाच ठिकाणी मिळतं. लोकांच्या खिशात."

वहिनीच्या हातातली ताटली टेबलावर आपटली. "मी सांगत होते तुम्हाला," ती नवऱ्याला म्हणाली. "रोज सांगत होते."

थोरला आधी लाल झाला, मग त्याने छाती काढली. "हो, नाणी वितळवतो. पण चोरी केली नाही मी! हजार नाणी घेतो, अकराशे मोजतो. रोख. विकत घेतलेली वस्तू माझी, मग मी तिचा नळ करीन नाहीतर बटणं करीन. एकच्या नाण्यात सव्वाचा धातू कुणी घातला? मी? मी नसतो तर दुसऱ्या कुणीतरी वितळवली असती. असे चाळीस कारखाने मी तुम्हाला दाखवतो."

"म्हणून सहा ग्रॅमचा एवढा पुळका!" धाकटी म्हणाली. ती टाकसाळीची अधिकारी होती. हे कळल्यावर गप्प राहायची तिला मुभाच नव्हती.

"नाणी देतं कोण?" आत्याने विचारलं.

थोरला खोकी सरकवू लागला.

"मी विचारतेय, कोण देतं?"

"डेपोचा कॅशियर," तो पुटपुटला.

"कुठल्या डेपोचा?"

त्याची नजर तिच्या गणवेशावर गेली, आणि सांगायची गरज उरली नाही. आत्या हळूहळू खुर्चीवर बसली. त्यांची आई असताना काय नि ती गेल्यावर काय, ही दोन पोरं तिनेच पोसली होती. थोरल्याची पहिली मूस तिच्याच पगारातून आली होती. दिवसभर तिने गोळा केलेली चिल्लर संध्याकाळी ती त्याच खिडकीत भरायची, आणि ती चिल्लर पिशव्यांतून थेट इथे यायची.

"मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या," ती म्हणाली, "आणि नळ तू विकलेस."

थोरल्याची काढलेली छाती एकदम बसली. वहिनी उठली, भट्टीजवळ गेली आणि इंधनाचा कॉक बंद केला. घुमणारा आवाज थांबला. पहिल्या दिवशी भट्टीत काहीच वितळलं नाही.

अप्पा वाळूच्या पेटीवर बसले होते. हातातला नळ ते उलटसुलट करत होते.

"कधीपासून?" त्यांनी धाकटीला विचारलं. "नाण्यातला धातू नाण्याहून महाग कधी झाला?"

"तीन वर्षं झाली."

"तांबं महागलं म्हणून?"

"तांबं महागलं, पण नुसतं तांबंच नाही. सगळंच महागलं." ती त्यांच्या शेजारी बसली. "अप्पा, युद्ध आलं तेव्हा नोटा छापून भागवलं. मग दुष्काळ आला, तेव्हा छापल्या. मग धरणं बांधायची होती, कर वाढवायची कुणाची छाती नव्हती, पुन्हा छापल्या. पंचवीस वर्षांत देशातला पैसा अकरा पट झाला आणि माल जेमतेम अडीच पट. एका वस्तूमागे धावणारा पैसा चौपट झाला, की वस्तूची किंमत चौपट होणारच. तांबं हीसुद्धा वस्तूच. तुम्ही नाण्याचं वजन जागच्या जागी धरून ठेवलंत, पण त्या नाण्यावरच्या 'एक'ची किंमत रोज झिजत होती."

"म्हणजे मी चौतीस वर्षं राखलं ते..."

"ते बरोबरच राखलंत. बाकीचं कुणी राखलं नाही. तुमच्या तराजूत नोटा येत नव्हत्या."

अप्पांनी मान हलवली. त्यांना हे मुळीच माहीत नव्हतं असं नाही. स्वतःचं निवृत्तिवेतन दर वर्षी थोडं कमी पुरतं, हे त्यांना बाजारात रोज दिसत होतं. फक्त त्या गोष्टीचा आपल्या नाण्याशी संबंध जोडायला ते तयार नव्हते.

"तरी मी विरुद्धच," ते शेवटी म्हणाले, आणि धाकटीने डोळे मिटले. "पोलादाला विरोध नाही. पण मला सांग, धातू हा लगाम होता. तांबं विकत आणावं लागतं, म्हणून राज्यकर्त्याला वाटेल तितकी नाणी पाडता येत नव्हती. तू तो लगाम काढतेस. कवडीमोलाच्या पोलादावर एक लिहायचं आणि पाडत सुटायचं. नोटांचं जे केलं तेच नाण्यांचं करतील. त्यांचा हात कोण धरणार?"

धाकटी या प्रश्नावर दीड वर्ष झुरली होती. कचेरीत तो कुणीच विचारला नव्हता. तिथे सगळ्यांना फक्त पोलादाचा भाव हवा होता.

"कलम सातमध्ये लिहिलंय," ती म्हणाली. पिशवीतून प्रस्ताव काढून तिने पान उघडलं. "किती नाणी पाडली ते वर्षातून एकदा जाहीर करायचं. मर्यादेहून जास्त पाडायची तर सभागृहात विचारायचं. चोरून काही नाही. तुम्ही तेव्हा चोरून हलकं करायला नकार दिलात, अप्पा. मी सगळ्यांना सांगून हलकं करतेय."

अप्पांनी चष्मा चढवला. कलम दोनदा वाचलं. "वर्षातून एकदा? वर्षभरात हे देश बुडवून पुन्हा वर काढतील. दर महिन्याला पाहिजे. वर्तमानपत्रात. आणि सही कुणाची?"

"खात्याच्या सचिवाची."

"सचिवाची बदली होते. सही पारख्याची हवी. आकडा खोटा निघाला तर पारखी जबाबदार. असा माणूस बरोबर मोजतो." त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

समासात त्यांनी दोन ओळी लिहिल्या. अक्षर अजून तसंच स्वच्छ होतं. धाकटीने त्या ओळी वाचल्या आणि तिला वाटलं, दीड वर्ष जे अपुरं वाटत होतं ते हेच.

"उद्या मी तुझ्या बाजूने बोलणार," अप्पा म्हणाले. "हा नळ घेऊन. कुणाचा ते सांगणार नाही. ते सांगणं माझं काम नाही."

थोरला दाराशी पाठमोरा उभा होता. त्याने हे ऐकलं, पण मागे वळला नाही.

सोमवारच्या सुनावणीचं दालन लांबट होतं, वर उंच खिडक्या होत्या आणि बाकांवर माणसं दाटीने बसली होती. अध्यक्षबाई मोजकं बोलत. त्यांच्या डाव्या हाताला बसलेले एक सभासद मात्र पहिल्यापासून खवचटपणाच्या तयारीने आले होते.

अप्पांनी उभं राहून नळ टेबलावर ठेवला. "ही आमची एकची नाणी," ते म्हणाले. "सहा ग्रॅमची, माझ्या हाताखालून पास झालेली. एका नळात शंभरेक असतील. चौतीस वर्षं मी वजन सांभाळत राहिलो, आणि त्या वजनानेच त्यांना भट्टीत ओढलं. जे नाणं वितळवून जास्त पैसे मिळतात ते बाजारात टिकत नाही. हलकं करा. पण कलम सातमध्ये दोन ओळी घाला, नाहीतर मी पुन्हा विरुद्ध."

"मुलीसाठी बापाचं मत बरं पटकन वितळलं," ते सभासद म्हणाले. दालनात हशा पिकला. "आणि हा नळ तरी खरा कशावरून? कुणी केला, कुठे केला? का घरीच बनवून आणलात?"

धाकटीला अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या पारखीवर कुणी शंका घेतली होती, आणि उत्तर ठाऊक असून ते देत नव्हते.

"मी केला."

मागच्या बाकावरून थोरला उभा राहिला. सकाळी तो घरून एकटाच निघाला होता, कुठे ते वहिनीलाही सांगितलं नव्हतं. वहिनी मात्र त्याच्या दोन रांगा पुढे बसलेली होती, आणि तिच्या शेजारी गणवेशात आत्या.

"नळ माझ्या कारखान्यातला आहे," तो म्हणाला. "दोन वर्षांत मी चार लाख नाणी वितळवली. म्हणजे दोन हजार चारशे किलो. अकराशेला हजार घ्यायचो. मला वाटायचं मी कुणाचं काही घेत नाही. ती नाणी माझ्या आत्याच्या बसमधली होती. तिला लोक चोर म्हणत होते." तो सभासदांकडे वळला. "माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पोलिस लावून तुम्ही किती पकडाल? नाणं हलकं झालं की आमची भट्टी आपोआप थंड होते. हे धंदेवाल्याकडून ऐका, म्हणजे पटेल."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी टंकलेखकाला थांबवलं आणि धाकटीकडे वळल्या.

"अधिकारी म्हणून तुम्हाला विचारते. हे जसंच्या तसं नोंदवलं तर या गृहस्थांवर खटला उभा राहील. नोंदवायचं का? तुम्हाला काही सांगायचंय?"

धाकटी उठली. "नोंदवा," ती म्हणाली. "एक शब्द गाळू नका. आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ घाला. साक्षीदार माझा सख्खा भाऊ आहे."

टंकलेखकाची बोटं चालू लागली. खवचट सभासदांनी चष्मा काढून पुसायला घेतला. थोरला उभाच होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, आणि तिला कितीतरी वर्षांनी तो पुन्हा आपला दादा वाटला.

प्रस्ताव बाराव्या दिवशी मंजूर झाला, कलम सातमधल्या दोन ओळींसकट. थोरल्याला दंड झाला आणि भट्टीला सात महिने सील लागलं. कॅशियरची नोकरी गेली. थोरला तेवढे महिने दुसऱ्याच्या कारखान्यात साचे भरायला जात होता. वहिनीने पांढऱ्या नळांची शेवटची खोकी विकून दंडाचा पहिला हप्ता भरला, आणि त्याबद्दल नवऱ्याला एक शब्द ऐकवला नाही. नवं नाणं बाजारात आलं. लोकांनी पहिले आठ दिवस त्याला नावं ठेवली, मग सवयीने खिशात टाकू लागले. आत्या सुट्ट्या पैशांसाठी हात पुढे करणाऱ्याला आता मुद्दाम खणखणीत आवाजात मोजून द्यायची.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी चौकट यायची. पाडलेली नाणी इतकी, खाली मुख्य पारख्याची सही. अप्पा ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. पहिल्या महिन्यात आकडा आठ कोटींचा होता, मग सहाचा, मग चारचा. भट्टीचं सील निघालं त्याच आठवड्यात सगळे अप्पांकडे सकाळच्या चहाला जमले होते. अप्पांनी चौकट शोधली, वाचली, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचली.

"पाडलेली नाणी, शून्य."

"बंद पडली की काय टाकसाळ?" वहिनी दचकली.

"आता गं बाई," आत्या म्हणाली, "पुन्हा तिकिटांवर लिहून द्यायचं?"

"बंद नाही पडली." अप्पांनी पेपर मांडीवर ठेवला आणि धाकटीकडे पाहिलं. "लोकांकडे पुरेशी झाली, म्हणून थांबले. पाडता येत असूनही थांबले."

थोरल्याने विचारलं, "असं आधी कधी झालं होतं?"

"माझ्या चौतीस वर्षांत नाही," अप्पा म्हणाले.

त्यांनी कात्री मागवली. चौकट कापली, जपून घडी केली आणि उठून आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशात ती घडी. टाकसाळीतली निवृत्त मंडळी सकाळी बागेतल्या बाकावर बसत. चहा तसाच टाकून अप्पा तिकडे निघाले.